सोयाबीन खा, पण पुरते शिजवून

दिवाळीच्या आगेमागे आपल्या भागात कोणत्याही शेतकऱ्याच्या घरी जा, ओसरीत सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी लागलेली दिसते. भाव वाढेल या आशेने ती थप्पी कधी कधी होळीपर्यंत हलत नाही. त्याच घरातली सून अंगात ताकद नाही म्हणून दवाखान्यात येते, पोराचे वजन वाढत नाही म्हणून आजी त्याला कडेवर घेऊन येते, आणि 'डॉक्टर, एखादा प्रोटीनचा डबा लिहून द्या' अशी मागणी होते. डब्याची किंमत ऐकली म्हणजे निम्मे लोक गप्प बसतात.

अशा वेळी मी विचारतो, 'घरात सोयाबीन आहे ना? मग खात का नाही?' उत्तरे साधारण तीनच मिळतात. सोयाबीन तेलाच्या गिरणीला आणि कोंबड्यांच्या खाद्याला असते, माणसाला नाही, हे पहिले. त्याला उग्र वास येतो, हे दुसरे. आणि एकदा खाऊन पाहिले तर पोट बिघडले, हे तिसरे. पहिले उत्तर निव्वळ सवयीचे आहे. वास आणि पोट या दोन्ही तक्रारी मात्र खऱ्या आहेत. त्यांचे मूळ सोयाबीन शिजवण्याच्या पद्धतीत आहे, आणि त्यावरचा उपायही तिथेच आहे.

प्रथम या दाण्यात काय आहे ते पाहू. शंभर ग्रॅम वाळलेल्या सोयाबीनमध्ये सुमारे ३६ ते ४० ग्रॅम प्रथिने असतात. तूरडाळ, हरभरा, मूग यांत ती २० ते २४ ग्रॅमच्या आसपास असतात. शिवाय सोयाबीनमध्ये १८ ते २० टक्के तेल असते. आपल्या ज्वारी-गव्हात लायसिन हा प्रथिनांचा एक आवश्यक घटक कमी पडतो. सोयाबीनमध्ये तो भरपूर असतो, म्हणजे भाकरीबरोबर सोयाबीनची उसळ खाल्ली की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली दिलेल्या शिफारशीप्रमाणे दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५५ किलो वजनाच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम. एक वाटी, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम, वाळलेले सोयाबीन शिजवून पाच माणसांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला अकरा ग्रॅमच्या आसपास प्रथिने येतात. त्या बाईची जवळजवळ पाव दिवसाची गरज एका भाजीत भागली. आता खर्च पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरवला. त्या हिशेबाने ही वाटी आठ रुपयांची. बाजारात प्रत्यक्षात किती भाव मिळतो हा वेगळा आणि दुखरा विषय आहे, तो या सदराचा नव्हे.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी सहकाऱ्यांच्या जेवणात सोयाबीनचा प्रयोग करून पाहिला होता आणि 'हरिजन' पत्रात त्यावर लिहिलेही होते. त्या वेळी विदर्भ-मराठवाड्यात हे पीक जवळपास नव्हतेच. आज लातूर, धाराशिव, नांदेड, हिंगोली, वाशीम, यवतमाळ या जिल्ह्यांत खरिपात जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन आहे. रानात आहे, बाजार समितीत आहे, फक्त ताटात नाही.

कच्च्या दाण्यात दडलेली अडचण

आपण खाल्लेली प्रथिने पचवण्यासाठी स्वादुपिंडातून पाचकरस लहान आतड्यात येतात. त्यांतला एक महत्त्वाचा पाचकद्रव म्हणजे ट्रिप्सिन. कच्च्या सोयाबीनमध्ये या ट्रिप्सिनला अडवून धरणारा एक पदार्थ असतो. म्हणजे दाण्यात प्रथिने भरपूर, पण ती पचवणाऱ्या रसालाच तो दाणा कुलूप घालतो. परिणामी प्रथिने अंगी लागत नाहीत, पोटात गुडगुड होते, मळमळते, काहींना उलट्या-जुलाब होतात. कच्च्या दाण्यात आणखीही एकदोन त्रासदायक द्रव्ये असतात. सुदैवाने यांपैकी मुख्य द्रव्ये ओल्या उष्णतेने नष्ट होतात.

अमेरिकेत ऑस्बर्न आणि मेंडेल या दोन शास्त्रज्ञांनी १९१७ सालीच दाखवून दिले होते की, उंदरांना कच्चे सोयाबीन घातले तर ते नीट वाढत नाहीत आणि तेच शिजवून घातले तर चांगले वाढतात. आपल्याकडच्या पशुपालकांनाही कोंबड्यांच्या खाद्यात कच्चे सोयाबीन चालत नाही हे ठाऊक असते. गिरणीतून येणारी पेंड ही उष्णता दिलेली असते. कोंबडीच्या बाबतीत आपण जेवढे सावध आहोत, तेवढे घरच्या पोरांच्या बाबतीत असलो तरी पुष्कळ झाले!

हे विनोदाने म्हणत नाही. मागे एका घरातले चौघे जण सकाळीच दवाखान्यात आले. आजी, वडील आणि दोन मुले. सगळ्यांना मळमळ आणि उलट्या. चौकशी केली तेव्हा कळले की, कोणीतरी सांगितले म्हणून कच्चे सोयाबीन गिरणीतून दळून आणले होते आणि 'ताकदीचे पीठ' म्हणून दोन-दोन चमचे कोमट दुधात कालवून सर्वांनी घेतले होते. खाण्यात दुसरे काही संशयास्पद नव्हते. दोघांना सलाईन लावावे लागले, संध्याकाळपर्यंत सगळे बरे झाले. पण त्या घरातून सोयाबीन कायमचे हद्दपार झाले, आणि वाईट वाटते ते याचे. दोष पिठाच्या कच्चेपणाचा, आणि शिक्षा सोयाबीनला.

बियाण्याच्या पिशवीतले खाऊ नका

शिजवण्याआधी दाणा कुठला घ्यायचा हे सांगितले पाहिजे, कारण इथे चूक झाली तर ती पोट बिघडण्यावर थांबत नाही. पेरणीसाठी आणलेल्या सोयाबीन बियाण्याला बहुधा बुरशीनाशक, काही वेळा कीटकनाशकही चोळलेले असते. ओळखू यावे म्हणून अशा बियाण्याला लाल, गुलाबी किंवा हिरवा रंग दिलेला असतो. पेरून उरलेले चार-पाच किलो बी वाया कशाला घालवायचे, धुऊन खाऊ, असा विचार चुकूनही करू नये. धुतल्याने औषध पूर्ण जात नाही आणि शिजवल्याने त्याचे अन्न होत नाही. रंग फिका झाला, पिशवीवरची अक्षरे पुसली, तरीही नाही. घरी स्वतः बीजप्रक्रिया केलेल्या बियाण्याला तर रंगाची खूणही असेलच असे नाही. म्हणून असे बी वेगळ्या पिशवीत, लिहून, मुलांच्या आणि स्वयंपाकघराच्या वाटेपासून दूर ठेवावे. ते जनावरांनाही घालू नये.

खाण्यासाठी मळणीनंतर स्वच्छ वाळवलेला, पिवळा, टपोरा, बुरशी न धरलेला दाणा पाच-दहा किलो बाजूला काढून ठेवावा. काढणीत पावसाने भिजून काळा पडलेला, कुबट वास येणारा माल खाण्याला घेऊ नये. पोत्यांच्या थप्पीत कीड मारण्याच्या विषारी गोळ्या ठेवल्या असतील तर तोही माल घरात खायला काढू नये. त्या गोळ्यांतून निघणारा वायू माणसाचाही जीव घेतो. जिथे माणसे झोपतात तिथे त्या गोळ्या ठेवण्याचा प्रकार मला आजही ऐकू येतो.

भिजवणे आणि शिजवणे

दाणे निवडून, खडे-माती काढून, दोन-तीन पाण्यांनी धुवावेत. वाटीभर दाण्यांना चार वाट्या पाणी घालून रात्रभर, म्हणजे आठ ते दहा तास भिजत ठेवावे. दाणा फुगून वजनाने दुपटीहून अधिक होतो आणि गोल होता तो लांबट होतो. थंडीत बारा तासही लागतात. उन्हाळ्यात मात्र एवढ्या वेळात पाण्याला फेस येऊन आंबूस वास सुटतो, तेव्हा मध्ये एकदा पाणी बदलावे. सकाळी जे दाणे टणकच राहिले असतील ते गणंग काढून टाकावेत, ते शिजत नाहीत आणि दातावर येतात.

भिजवलेले पाणी फेकून द्यावे. सोयाबीनमध्ये आपल्याला न पचणाऱ्या काही शर्करा असतात. त्या मोठ्या आतड्यात गेल्या की तिथले जंतू त्यांचा गॅस करतात. या शर्करांचा काही भाग भिजवणाच्या पाण्यात उतरतो. दाणे हाताने चोळून वर तरंगणारी सालपटे काढली तर आणखी बरे. वेळ नसेल तर साले राहिली तरी बिघडत नाही.

आता त्या उग्र वासाविषयी. हा वास अख्ख्या कोरड्या दाण्यात नसतो. भिजलेला कच्चा दाणा चिरडला किंवा वाटला की दाण्यातले एक पाचकद्रव्य तेथल्याच तेलावर काम करते आणि हा हिरवट, गवतासारखा वास तयार होतो. म्हणून भिजवलेले दाणे गार पाण्यात घालून हळूहळू तापवत बसू नये. पातेल्यात पाण्याला खळखळून उकळी आणावी आणि मग त्यात दाणे टाकावेत. एकदम उष्णता लागली की ते द्रव्य निकामी होते. पाचेक मिनिटे उकळून ते पाणीही ओतून द्यावे. थोडी जीवनसत्त्वे त्याबरोबर जातात, पण वासामुळे घरात कोणी खाणारच नसेल तर ती जीवनसत्त्वे तरी काय कामाची?

यानंतर कुकर. दाणे थेट कुकरच्या भांड्यात घालून तिप्पट पाणी घालावे, चमचाभर तेल टाकावे. तेल सांगतो ते चवीसाठी नव्हे. सोयाबीनला फेस फार येतो, आणि फेसाबरोबर सुटलेले सालपट झाकणाच्या नळीत अडकले तर वाफ कोंडते. तेलाने फेस दबतो. त्याच कारणाने दाणे आणि पाणी मिळून कुकर निम्म्याहून जास्त भरू नये. शिट्टीची नळी आधी उजेडाकडे धरून मोकळी आहे ना ते पाहावे आणि जुना झालेला सेफ्टी व्हॉल्व्ह बदलून घ्यावा. मोठ्या आचेवर पहिली शिट्टी झाली की आच मंद करावी आणि तिथून घड्याळ लावून २० ते २५ मिनिटे ठेवावे. शिट्ट्या मोजण्याची आपली पद्धत सोयाबीनला उपयोगाची नाही. तूरडाळीच्या तीन-चार शिट्ट्यांत सोयाबीन अर्धेकच्चे राहते आणि मग 'शिजवून खाल्ले तरी त्रास झाला' अशी तक्रार येते. कुकर आपोआप गार होऊ द्यावा. घाईने शिट्टी उचलली तर फेसासकट गरम पाणी अंगावर येते.

कुकर नसेल तर झाकण ठेवून मंद आचेवर शिजवावे. भिजलेल्या दाण्यालाही दीड ते तीन तास लागतात, अधूनमधून गरम पाणी घालावे लागते. सरपण किंवा गॅस पाहता कुकरच परवडतो.

शिजला हे कसे ओळखावे? सोयाबीन हरभऱ्यासारखे पिठूळ कधी होत नाही, त्यामुळे पहिल्यांदा करणाऱ्यांची फसगत होते. दाणा अंगठा आणि बोट यांत धरून दाबावा. सहज चेपला गेला, आतून पांढरट कडक गाभा निघाला नाही आणि तोंडात टाकल्यावर हिरवट चव लागली नाही, म्हणजे झाला. खरे तर ट्रिप्सिनला अडवणारा तो पदार्थ भिजलेला दाणा वीस-पंचवीस मिनिटे नुसता उकळला तरी बहुतांशी नष्ट होतो. पण दाणा मऊ व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. तेव्हा दाणा मऊ झाला की ते कामही झालेले असते असे समजायला हरकत नाही.

काही घरांत कितीही शिजवले तरी दाणा टणक राहतो. त्याची कारणे बहुधा दोन. एक, दाणा दोन-तीन वर्षांचा जुना असतो. दुसरे, बोअरचे पाणी. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, आणि जड पाण्यात कोणतेही कडधान्य लवकर मऊ होत नाही. शिजवण्यापुरते नळाचे, फिल्टरचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी घ्यावे. तेही नसेल तर भिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा आणि ते पाणी टाकून द्यावे. शिजवताना मात्र सोडा शक्यतो टाळावा, त्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते. मीठ, चिंच, टोमॅटो, आमसूल हे सारे दाणा मऊ झाल्यावरच घालावे. आंबट पडले की दाणा शिजायचा थांबतो, हे आपल्या भगिनींना मी वेगळे सांगायला नको.

मग पुढे काय करायचे? शिजलेल्या दाण्याची उसळ मटकीसारखीच होते. कांदा-लसणाची फोडणी, काळा मसाला किंवा येसर, थोडा दाण्याचा कूट, आणि उतरवल्यावर लिंबू पिळून. लिंबू विसरू नये, कारण सोयाबीनमध्ये लोह असले तरी ते शोषले जाण्यात अडथळे आहेत आणि क जीवनसत्त्वाने ते शोषण सुधारते. जेवणावर लगेच चहा घेतला की तो फायदा जातो. तरीही, ज्यांचे रक्त कमी आहे त्यांनी सोयाबीन सुरू केले म्हणून लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. ज्यांना अख्खा दाणा आवडत नाही त्यांनी शिजलेले दाणे वाटून वरणात, थालीपिठाच्या पिठात किंवा वड्यात मिसळावेत. मुलांना शिजवून निथळलेले दाणे तव्यावर कोरडे परतून तिखट-मीठ लावून दिले की ती आवडीने खातात. मोड आणण्याचा सोस करू नये. सोयाबीनचे मोड लवकर नासतात, आणि आणलेच तर तेही वाफवूनच खायचे, मूग-मटकीसारखे कच्चे नाही.

सुरुवात मूठभर दाण्यांनी करावी, आठवड्यातून दोनदा. पहिल्याच दिवशी वाडगाभर खाल्ले तर पोट फुगणारच.

पीठ आणि दूध

गव्हात सोयाबीन घालून दळण्याची पद्धत शहरांतून आपल्याकडेही आली आहे. नऊ किलो गव्हाला एक किलो सोयाबीन हे प्रमाण योग्य आहे. पण ते कच्चे घालू नये. चपाती तव्यावर एक-दोन मिनिटे असते, भाकरी थोडी जास्त. तेवढ्या वेळाच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. सोयाबीन भिजवून, उकळत्या पाण्यात पंचवीस मिनिटे उकळून, निथळून, कडक उन्हात दोन-तीन दिवस खडखडीत वाळवावे आणि मग गव्हात मिसळून दळावे. नुसते कढईत भाजून घेणे हे याला पूर्ण पर्याय नाही. कोरड्या भाजणीत बाहेरून दाणा करपतो आणि आत कच्चा राहतो. सोयाबीनमध्ये तेल असल्याने हे पीठ लवकर खवट होते, म्हणून एका वेळी दोन-तीन आठवड्यांपुरतेच दळावे.

घरी सोयादूध करणाऱ्यांना एकच सूचना, पण ती महत्त्वाची. हे दूध पूर्ण उकळण्याच्या आधीच फेसाने भसकन वर येते. ती खरी उकळी नव्हे. ती पाहून भांडे उतरवले तर दूध कच्चेच राहते. चीनमध्ये अशा अर्ध्याकच्च्या सोयादुधाने विषबाधा झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. फेस आला की आच कमी करून, ढवळत, पुढे किमान पंधरा-वीस मिनिटे उकळत ठेवावे.

कोणी जपून खावे

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी सोयाबीन वर्ज्य करण्याची गरज नाही. मात्र सोयाबीनमुळे गोळी कमी शोषली जाते. गोळी पहाटे उपाशीपोटी घ्यावी आणि सोयाबीन दुपारच्या जेवणात खावे, म्हणजे चार तासांचे अंतर आपोआप पडते. नव्याने नियमित खाऊ लागल्यास दोन महिन्यांनी रक्त तपासून घ्यावे. मीठ आयोडिनयुक्तच वापरावे. मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्यांनी प्रथिने किती खायची हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. सोयाबीन खाऊन अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा दम लागला तर ती ॲलर्जी समजावी, ताबडतोब दवाखाना गाठावा आणि पुन्हा कधी खाऊ नये.

सोयाबीनने पुरुषांचे पौरुष कमी होते, असा एक समज तरुण मुलांत पसरलेला दिसतो. व्यायामशाळेत जाणारी मुले खालच्या आवाजात हा प्रश्न विचारतात. आहारात जेवढे सोयाबीन आपण खातो तेवढ्याने पुरुषांची संप्रेरके कमी होत नाहीत, असेच माणसांवर झालेल्या अभ्यासांत दिसले आहे. गंमत म्हणजे हीच मुले सोयाबीनचे प्रोटीन मिसळलेला डबा पैसे मोजून घेतात आणि घरच्या उसळीला घाबरतात.

लहान बाळांबाबत मात्र स्पष्ट सांगतो. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध. वर्षाच्या आतील बाळाला घरचे सोयादूध हे दुधाच्या ऐवजी कधीही देऊ नये, त्यात बाळाला लागणारे घटक पुरेसे नसतात. वर्षानंतर खिचडीत किंवा वरणात शिजलेले सोयाबीन अगदी बारीक वाटून चमचाभर घालायला हरकत नाही. पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात अख्खे दाणे देऊ नयेत. हसता-खेळता दाणा श्वासनलिकेत जातो. शेंगदाण्याच्या बाबतीत असे प्रसंग मी पाहिले आहेत, आणि सोयाबीनचा दाणा आकाराने फारसा वेगळा नाही.